अर्धा मीटर ते एक मीटर

गिच्यॉल म्हणतो, याचा आवाज टोचतो.
वरच्या पट्टीत सुया आहेत म्हणे,
"स" आला की कानात काच फुटते.
वीस हजार वॉनला घेतला होता,
दोन वाट्या डुकराच्या रश्शाची किंमत.
परत पाठवायचा म्हणजे हेलपाटा,
म्हणून भाड्याच्या पाकिटासोबत माझ्या हातावर ठेवला:
"मालसुन आजी, रेडिओपुरता होईल."

भाडेकरू चांगला आहे. उशिरा देतो, पण देतो.

डबीत रबराच्या टोप्या, तीन मापांच्या.
माझा डावा कान मधल्या मापाचा, उजवा लहान.
चौऱ्याहत्तर वर्षं एकाच डोक्याला धरून आहेत दोघे
आणि मला हे आज कळतंय.
वायर कानामागून घ्यायची, त्यानं दाखवलं,
नाहीतर ती गळ्याशी घासते
आणि आपलाच स्वेटर आपल्या कानात बडबडतो.
कानामागून, म्हणजे जसा मी रुमाल खोचायचे
फळीवर बसायच्या आधी.

जहाजाच्या कुशीला दोरांवर टांगलेली फळी,
खाली योंगदोच्या गोदीचं तेलकट पाणी,
हातात हातोडी.
कांग. कांग. कांग.
गंज निघायचा, कालवं निघायची,
जुना रंग पोपडे धरून निघायचा,
आणि आम्हा बायकांच्या कानांतूनही
काहीतरी खपलीखपलीनं निघत होतं,
ते कोणी झाडून गोळा केलं नाही.
कापसाचे बोळे घालायचो.
लोखंडापुढं कापसाचं काय चालणार!

बत्तीस वर्षं.
आधी चिमण्या गेल्या. मग किटलीची शिट्टी.
मग माणसांच्या बोलण्यातून स गेला, श गेला, च गेला,
मागे राहिला नुसता गाळ, आ, ओ, ऊ.
माझ्या स्वतःच्या नावाचा मधला दात पडला:
लोक हाक मारायचे, मला यायचं माल-उन.

सोमवारी रात्री बटण दाबलं.
समुद्राच्या हवामानाची बातमी, दुसरं काय ऐकणार मी.
बाई बोलण्याआधी
तिनं श्वास घेतला.
तो ऐकू आला.
मग कागद उलटला. कागद!
मग ती म्हणाली दक्षिण समुद्र,
आणि त्यातला स असा आला
जसा तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब.
गिच्यॉलच्या सुया त्या ह्याच असाव्यात.
माझ्या कानात त्यांनी टाके घातले.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःचा महागाचा घेऊन आला.
याच्या दहापट किंमत, म्हणाला, ऐका, कसा समतोल आहे.
ऐकला. मऊ होता, गोल होता,
पावसाळी ढगात भाताची वाटी ठेवावी तसा.
यात कोणी बाई नाहीये रे, मी म्हटलं.
तो हसला. मग हसायचा थांबला.
मग तोही जरा वेळ माझ्याकडचा स्वस्त ऐकत बसला,
डोळे बारीक करून, जणू औषध घेतोय.

बोकजा येते शनिवारी, सुकी मासळी घेऊन.
चाळीस वर्षं आम्ही एकमेकींवर ओरडतोय,
शेजाऱ्यांना वाटतं भांडतो.
तिच्या कानात घातला तर लगेच काढला.
"कुणीतरी आत बसलंय," म्हणाली,
आणि चिमटीत धरून खिडकीकडे नेऊन बघितला,
मासळीचा डोळा ताजा आहे का बघतात तसा.
परत काही मागितला नाही. तिची मर्जी.

मला सांगायचंय ते झोपेचं.
कुशीवर वळलं तरी तो उशीत रुतत नाही,
वालाच्या दाण्याएवढा, कानाच्या वाटीत पडून राहतो,
थोड्या वेळानं आहे हेही विसरायला होतं.
आणि आतली हातोडी,
जी गोदी बंद झाली तरी बंद झाली नव्हती,
रात्री दोनला, तीनला, उपाशी पाळीवर एकटीच,
ती त्या बाईच्या आवाजाखाली हळू पडते.
थांबत नाही. हळू पडते.

वारा आग्नेयेकडून, ती सांगते.
दृश्यमानता बरी.
लाटा अर्धा मीटर ते एक मीटर.
कागद उलटतो.
मी पुढच्या श्वासाची वाट बघते.